मागचा बावटा

बाबा, बोटीची पाठ बघायची हे तुम्ही मला शिकवलं होतंत, आणि नेमकी तीच मी बघितली नाही. एवढं एका ओळीत सांगून उठता आलं असतं, पण सकाळपासून तीनदा चहा झाला तरी टेबलावरून उठवत नाहीये. तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. आयर्लंड तुम्हाला माहीत नाही, माझं इथलं स्वयंपाकघर माहीत नाही. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या आठवड्यात घरमालकीण म्हणाली, कप प्रेसमध्ये आहेत, तर मी इस्त्री शोधत बसले. आता मीच तुमच्या नातीला सांगते, "जा, प्रेसमधून पोहे काढ." तुम्ही हसला असतात. मला आज हसू येत नाहीये. शनिवारची दुपार आहे, पोरगी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर आहे, आणि गेले नऊ दिवस मी एक गोष्ट दडवून बसले आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे गोष्ट कसली ते कळेल. कॉर्कच्या खाडीवर रिंगास्किडी म्हणून जागा आहे, एका अंगाला बंदर आणि दुसऱ्या अंगाला औषधांचे कारखाने. त्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघते. आम्ही जखमेवर बांधायच्या पट्ट्या बनवतो, रक्त चटकन थांबवणाऱ्या. त्या अमेरिकेचं सैन्य घेतं. आणि सैन्याच्या मालाला त्यांचा एक कायदा लागतो. माल समुद्रावरून जाणार असेल तर तो त्यांच्याच देशात नोंदलेल्या बोटीतून गेला पाहिजे, मग कारखाना कुठला का असेना. तशी बोट मिळत नसेल तर लेखी परवानगी मागायची, तीही माल चढण्याच्या पुष्कळ आधी. नंतर मागितली तर वरातीमागून घोडं, कुणी ऐकून घेत नाही. बोट सुटली की एक कागद पाठवायचा. त्यात बोटीचं नाव, माल कुठे चढला, कुठे उतरणार, आणि एक रकाना असतो, बोटीचा ध्वज. खाली माझी सही. हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आपलासा वाटला होता, कारण त्यातली निम्मी गोष्ट मला आठव्या वर्षापासून येत होती. फक्त तुम्ही ध्वज म्हणत नव्हता, बावटा म्हणायचात.

मी आठ वर्षांची आहे. वडाळ्याच्या क्वार्टर्समधून तुम्ही मला मुंबईच्या धक्क्यावर घेऊन आला आहात. तुमच्या कानामागे लाल-निळी पेन्सिल आहे. बोटीतून उतरणारा प्रत्येक नग मोजायचा आणि कागदावर रेघ मारायची, बरोबर असेल तर निळी, कमी-जास्त असेल तर लाल, हे तुमचं काम. समोरच्या बोटीवर उंच तिरंगा फडकतोय आणि मी ओरडते, "बाबा, आपली बोट!" तुम्ही पेन्सिल काढून माझ्या डोक्यावर टक्‌कन मारता. "अगो बाय, तो पाहुणचाराचा बावटा. ज्याच्या दारात आलो त्याचा मान म्हणून वर लावतात. स्वतःचा असतो तो मागे. माणसाचं तोंड बघायचं, बोटीची पाठ बघायची." मग तुम्ही मला धक्क्याच्या टोकापर्यंत चालवत नेता. पाठीवर मोठी पांढरी अक्षरं, पनामा. "आणि मागच्या बावट्यावर पण जाऊ नको, वाऱ्यात तो कसा पण दिसतो. खाली बोट नोंदली त्या गावाचं नाव लिहिलंय ते वाच." त्या वर्षी मी पिरेयस, लिमासोल, मोनरोव्हिया सगळं वाचायला शिकले. जगात सगळ्यात मोठा देश पनामा, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं, कारण बोटी त्याच्याच जास्त होत्या. बाईंनी कान पिळला. तुम्ही पेन्सिलीचा उरलेला तुकडा बक्षीस दिलात. तो अजून माझ्याकडे आहे, बोटभर उरला आहे.

तर, गेल्या ऑक्टोबरात आमची पहिली खेप माझ्या हातून गेली आणि या मार्चात दुसरी जायची होती. दोन्ही खेपांना बोटीची कंपनी एकच, अमेरिकन, नाव ऐकताच कळेल अशी. ऑक्टोबरात मी ध्वजाच्या रकान्यात अमेरिका लिहिलं आणि सही केली. कंपनी तिथली म्हणजे बोट तिथलीच, यात बघायचं काय? मार्चात त्यांचा मेल आला, ठरलेली बोट दुरुस्तीला गेली आहे, त्याऐवजी दुसरी येईल, तारीख तीच. त्या दिवशी पोरीची ऑनलाइन शाळा याच टेबलावर चालू होती, तिचा माइक बंद होत नव्हता, कुकर चार शिट्ट्यांच्या पुढे गेला होता. तुमचे जावई त्यांच्या आजारी आईसाठी पुण्याला गेले ते लॉकडाउनमुळे तिकडेच अडकलेत, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी मेलमधलं तारीख तीच एवढं वाचलं, हुश्श केलं, आणि जुन्या कागदाची नक्कल करून पुढच्या खेपेसाठी तयार ठेवली. ध्वज, अमेरिका.

माल चढायचा त्या गुरुवारी पोरीला शाळेच्या मधल्या सुट्टीत घेऊन खाडीकाठी गेले. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, पण पाण्यापलीकडे रिंगास्किडीचा धक्का आमच्या गावातून समोर दिसतो. आपण पाठवलेला माल चढताना बघावा, तिलाही दाखवावा, एवढाच हेतू होता. बोट उभी होती, कुशीवर कंपनीचं नाव घराएवढ्या अक्षरांत. वर डोलकाठीला हिरवा, पांढरा, केशरी बावटा. "लुक आई, इट्स अ‍ॅन आयरिश शिप!" ती ओरडली. बाबा, तेच तीन रंग, तीच चूक. मी तिला तुमचं सगळं सांगितलं, पाहुणचार, तोंड, पाठ. तिने ते डोळे मोठे करून ऐकलं आणि म्हणाली, "सो व्हेअर्स द रिअल वन?" आम्ही काठाकाठाने पुढे गेलो. मागचा बावटा दिसला, तांबडे-पांढरे पट्टे, कोपऱ्यात निळा चौकोन. अमेरिका. मला इतकं बरं वाटलं की मी तिला जवळ घेतलं. आणि ती माझ्या कुशीतूनच म्हणाली, "आई, देअर्स ओन्ली वन स्टार."

मी फोनचा कॅमेरा मोठा करून बघितलं. एकच तारा. खाली पांढरी अक्षरं होती, मोनरोव्हिया. लायबेरियाचा बावटा लांबून अमेरिकेचा धाकटा भाऊ दिसतो, हे मला आठव्या वर्षी माहीत होतं आणि बेचाळिसाव्या वर्षी विसरले. मी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर कॉर्कचीच बाई आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कधी आवाज चढवत नाही, त्यामुळेच मला तिची जास्त भीती वाटते. मी म्हटलं, "बोट अमेरिकन नाहीये. मी आत्ता समोर उभी आहे. माल चढवू देऊ नका." तिने विचारलं, "आपले कंटेनर चढलेत?" आमचे दोन कंटेनर पिवळे, ते अजून धक्क्यावरच दिसत होते. "नाहीत." "राइट. तू तिथेच थांब आणि त्यांच्यावर नजर ठेव." वीस मिनिटं आम्ही मायलेकी वाऱ्यात उभ्या होतो. कंटेनर थांबवले गेले. बोट आमच्या मालाशिवाय सुटली.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "फेअर प्ले टू यू," ती म्हणाली, म्हणजे शाबास. तिच्या मते चूक बोटवाल्यांची, त्यांनी बोट बदलली. आता परवानगी मागू, उशीर होईल, पण निभावेल. पट्ट्या कुजत नाहीत. मी ऐकत होते. मग सहज, खरंच सहज, तिने विचारलं, "ऑक्टोबरची खेप ठीक होती ना?" आणि मी म्हटलं, "ग्रँड." इथे सगळे तसंच म्हणतात, बाबा. पाऊस कसा आहे, ग्रँड. तब्येत कशी, ग्रँड. बरं म्हणायचं असतं तेव्हा ग्रँड, आणि काही सांगायचं नसतं तेव्हाही ग्रँड. चार वर्षांत मी तो शब्द इतका छान उचललाय की त्या बाईने समाधानाने फोन ठेवला.

ऑक्टोबरची बोट कोणत्या गावची होती, ते मी बघितलेलं नाही. बोटीचं नाव कागदावर आहे. इंटरनेटवर ते नाव टाकलं की अर्ध्या मिनिटात कळतं. पण एकदा कळलं की मला माहीत आहे, असं होईल. आत्ता निदान मी म्हणू शकते, मला काय ठाऊक. इथे राहून काम करायचं माझं परमिट या नोकरीला बांधलेलं आहे आणि उन्हाळ्यात ते पुन्हा काढायचंय. खोट्या कागदावर सही करणाऱ्या बाईला ते कोण देणार? आणि माझं सोडा, पॅकिंगला पोलिश बायका आहेत, गावातली पोरं आहेत, सैन्याने हा माल घ्यायचं थांबवलं तर आधी त्यांना घरी बसवतील. हे मी सोज्वळपणे लिहितेय खरी, पण रात्री जाग येते तेव्हा पोलिश बायका आठवत नाहीत. स्वतःचंच आठवतं. आणि तुमचं.

मी सोळा वर्षांची होते. लष्कराच्या बुटांची खोकी उतरत होती, पाऊस होता, आणि शेजारच्या माणसाने केलेली मोजणी खरी धरून तुम्ही न मोजता निळी रेघ मारलीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोदामात जाऊन स्वतः मोजलंत, तर आकडा जुळेना. कुणाला पत्ता नव्हता. तुम्ही साहेबांपुढे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, मी मोजलं नव्हतं. त्यानंतर तुम्हाला बोटीवर कधीच घेतलं नाही, जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं, निवृत्तीपर्यंत. आई आपल्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, आपण जेवायला बसलो होतो, आणि मी ताटावरून तावातावाने म्हटलं, "पण कुणाला कळलं असतं? उगाच हरिश्चंद्र व्हायला कुणी सांगितलं होतं?" तुम्ही बांगड्याचा काटा काढत होतात. काढलात, तुकडा माझ्या ताटात ठेवलात आणि म्हणालात, "जेव." एवढंच. पुढे कितीतरी दिवस मी मैत्रिणींना तुमचं काम काय ते सांगायचं टाळलं. माफी मागायची राहून गेली, बाबा. ती आज मागते, पण मला ठाऊक आहे की आज मी ती स्वतःच्या गरजेपोटी मागतेय.

मघाशी पोरगी पाणी प्यायला आत आली. टेबलावर पसरलेला कागद बघून तिने विचारलं, "इज दॅट द वन-स्टार शिप?" मी म्हटलं, "नाही गं, ही दुसरी." "अँड इज दॅट वन ग्रँड?" मी तिला म्हटलं, "जा, टीव्ही बघ." ती गेली. जाताना दार लोटून गेली, तिला सवय आहे, आईचं काम चालू असलं की दार लोटायचं.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी धीर झाला नसता. सोमवारी सकाळी नऊला मॅनेजर फोन उचलते. तिला सांगायचं वाक्य सकाळपासून इंग्रजीत जुळवतेय, जुळत नाही, म्हणून आधी तुमच्यापुढे म्हणून बघते. वर मी खोटं लिहिलं, बाबा. ऑक्टोबरची बोट मी बघितली आहे. मंगळवारीच नाव टाकून बघितली. मोनरोव्हिया. समोरच्या कागदावर अमेरिका या शब्दाभोवती तुमच्या पेन्सिलीने गोल काढून ठेवलाय, तांबड्या बाजूने.