बोंडलं आणि बेंड

सासूबाई, आज माळ्यावरचं खोकं आवरताना तुमचं चांदीचं बोंडलं सापडलं. बाळांना दूध पाजायची ती चोचीची वाटी. चिंचेने घासून लख्ख केली आणि चोच उजेडाकडे धरून आत डोकावले, अगदी तुम्ही डोकावायचात तशी. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

ठाण्याच्या दुधाच्या कारखान्यात मी दूध तपासायच्या कामाला लागले, तेव्हा आपल्या डोंबिवलीच्या चाळीत बरीच कुजबुज झाली. तान्हं पोर टाकून सून नोकरीला जाते म्हणून. तुम्ही विहिरीवरच सगळ्यांना सुनावलंत, "टाकून नाही, माझ्याकडे ठेवून जाते." त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली. पण मला तुमच्याकडून आणखी एक हवं होतं. गवळ्याच्या दुधाने बाळाचं पोट सारखं बिघडायचं, आणि ज्या दुधाची मी दिवसभर राखण करते ते माझ्याच मुलाला मिळावं, असा माझा हट्ट होता. तुम्ही ठाम. "नळीतून आलेलं दूध माझ्या नातवाला नाही. जिथे बोट पोचत नाही तिथे काय साचलंय, कोणी बघितलंय?" मला फार राग यायचा. मी आणलेली बाटली तुम्ही बाकीच्यांच्या चहाला वापरायचात. स्वतः कोरा चहा प्यायचात, कारण दूध तुम्हाला जन्मात कधी पचलं नाही.

मग कारखान्यातल्या कल्हईच्या तांब्याच्या नळ्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवायचं ठरलं. नळी जिथे वळते तिथले बेंड कोणते घ्यायचे, यासाठी साहेबांनी दोन नमुने माझ्याकडे दिले. एक आखूड, तुकडे जोडून केलेला, भिंतीलगत नेमका बसणारा. साहेबांच्या मनात तोच भरला होता. दुसरा एकाच नळीला ऐसपैस वाकवून केलेला. मला दुसराच हवा होता, पण साहेबांपुढे जीभ उचलत नव्हती. दोन्ही पिशवीत घालून घरी आणले.

अजून दिसतंय मला. तुम्ही चुलीपाशी बसला आहात, बाळ मांडीवर झोपलंय. "बघू गं," म्हणता आणि जुन्या लुगड्याची चिंधी भिजवून, पीळ देऊन आखूड बेंडमधून ओढता. आतल्या जोडावर ती अडते, दोन धागे मागे राहतात. दुसऱ्यातून सुळकन बाहेर येते. "हा घ्या म्हणावं साहेबाला. धागा अडकतो तिथे दूधही बसणार."

दुसऱ्या दिवशी तीच चिंधी मी साहेबांच्या टेबलावर ओढून दाखवली. "बाई, ही प्रयोगशाळा आहे की शिवणाचा वर्ग?" असं म्हणत त्यांनी स्वतः पुन्हा ओढून पाहिली, आणि ऐसपैस बेंडला जागा व्हावी म्हणून भिंतीजवळचं कपाट हलवायला सांगितलं. लांब बेंड बसले, तेही सांधे रोज उघडून धुता येतील असे. मी पेढे घेऊन घरी आले. तुम्ही पुडा देवापुढे ठेवलात आणि म्हणालात, "बेंड उत्तम. बाळाला गवळ्याचंच."

आणि मग एका सकाळी तुम्ही बाटलीतलं दूध बोंडल्यात ओतलंत. मी बघतच राहिले. विचारलं, तर म्हणालात, "गवळ्याने खाडा केला." गवळ्याचं दूध समोर चुलीवर तापत होतं. मला हसू आलं, आणि खूप बरं वाटलं.

हे पत्र टाकणार कुठे? घडी करून बोंडल्यात ठेवते. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळच्या थोडं आधी, एका शनिवारी, मी लवकर घरी आले होते. दार किलकिलं होतं. तुम्ही बाटलीतलं दूध वाटीत ओतून, तोंड वाकडं करत, औषधासारखं प्यायलात. वर ओव्याची चिमूट तोंडात टाकलीत. मग पाळण्यात वाकून बाळाला म्हणालात, "रोज पितेय मी. कुठल्याही दुधाने दुखतं तितकंच पोट दुखतं, जास्त नाही. म्हणजे दुधात खोट नाही हो तुझ्या आईच्या."

मी आवाज न करता जिन्यापर्यंत मागे गेले आणि चपला वाजवत पुन्हा आले. तुम्ही विचारलंत, "आज लवकर?"

"आत्ताच येतेय," मी म्हटलं.

आत्ता नव्हते आले, सासूबाई. मी सगळं बघितलं होतं.