घोडी कुठं हाय?

२ एप्रिल २०२५, बुधवार

गाणं झालं! माझ्या पोरीचं पहिलं गाणं. अवसरीच्या गोरखशेठच्या पाखऱ्या या शर्यतीच्या बैलाचं.

दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून दोघांनी बघितलं. मी पडद्याकडे बघत होतो आणि वृषाली माझ्या तोंडाकडे. चुका काढायच्या ठरवूनच बसलो होतो. एक सापडेल तर शपथ! शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आवाज जरा बारीक आहे." म्हणाली, "पप्पा, तुमचा स्पीकर फाटलाय."

फाटलाय खरा.

३ एप्रिल

डोक्यातून जातच नाही.

व्हीसीडीच्या काळात मी काय कमी गाणी केली? मंचरमध्ये भिमाजीचं नाव होतं! खांदा मोडेल असला कॅमेरा. पुण्याहून हिरोइन आणायची, टेम्पोच्या आडोशाला तिच्या साड्या बदलायच्या आणि उसाच्या बांधावर नाचवायची. गाणं बैलगाड्याचं, पण बैल कुठे? मागे, वैरण खाताना! मग मिक्सिंगला बसलो की गुलाब उमलायचा आणि त्यातून हिरो निघायचा. पान उलटायचं. बदामात जोडी फिरायची. मशीनमध्ये असतील नसतील तेवढे इफेक्ट मी एकाच गाण्यात घालायचो. लोक खूश! यात्रेत ज्या त्या स्टॉलवर माझीच सीडी.

वृषालीच्या गाण्यात हिरोइनच नाही. पाखऱ्याच हिरो. आधी त्याचा डोळा, मग वशिंड, मग खुराखालची माती — इतकी सावकाश उडते की ढेकूळ न् ढेकूळ दिसतं. मग ड्रोन वर जातो आणि शर्यतीचा अख्खा घाट, चढाची धाव, उलगडतो. सगळ्यात पुढे जुन्नरच्या नवाबभाईंची घोडी चांदणी, तिच्यावर त्यांचा पोरगा इरफान, आणि तिचा पाठलाग करणारे चार बैल.

अंगावर काटा आला. मला हे जमलं नसतं. सुचलंही नसतं.

हे फक्त इथे लिहितोय. तिला सांगितलं तर डोक्यावर बसेल.

५ एप्रिल, शनिवार

गाणं उद्या यूट्यूबवर येणार. पण मला कुठला दम! वृषाली डिंभ्याला लग्नाच्या शूटिंगला गेली होती. हल्ली सगळ्यांना सगळं उभं लागतं — फोन आडवा करायचाही कंटाळा. म्हणून मीच बसलो. मोबाइलवर घाटातला तुकडा उभा कापला, पाखऱ्या बरोबर मधोमध घेतला, खाली ठळक अक्षरात टाकलं — भिमाजी व्हिडिओ, मंचर. गावचा ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप, गाडामालकांचा ग्रुप, सगळीकडे सोडला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याच्या स्टेटसला आमचं गाणं!

प्रतिभा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीला इचारलं का?" आमच्या हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

६ एप्रिल, रविवार

नवाबभाईंचा फोन. सलाम नाही, नमस्कार नाही.

"भाऊ, घोडी कुठं हाय?"

"कुठं म्हणजे?"

"त्येच मी इचारतोय. पाखऱ्या हाय, बाकीची बैलं हायती, तुमचं नाव तर लई मोठं हाय. माझी चांदणी कुठं हाय? सारं जुन्नर इरफानला इचारतंय — घोडी पळाली व्हती का घरी बांधली व्हती? आता अवसरीच्या यात्रेला घोडी यायची न्हाई."

ठेवला फोन.

 पाखऱ्या वासरू होता तेव्हापासून चांदणीच्याच मागे पळायला शिकलाय. दुसरी घोडी पुढे लावली की घाटात उभा राहतो, माणसांकडे बघत. म्हणजे यात्रेतली गोरखशेठची बारी — त्यांच्या गाड्याची धाव — गेली. आणि वृषालीचं काय? पहिल्याच गाण्यानं मालकाची यात्रा घालवली म्हटल्यावर तिला पुन्हा दारात कोण उभं करणार?

ती घरात आली तशी मी तोंड सोडलं. आमच्या वेळी कॅमेरा घाटाच्या तोंडाशी रोवलेला असायचा, माणूस-जनावर कुणी सुटायचं नाही, तुम्हा पोरांना नुसता ड्रोन पाहिजे! बोललो, बोललो.  मग तिनं आधी स्वतःचं गाणं दाखवलं — घोडी होती, चित्राच्या डाव्या कडेला, चांगली ठसठशीत. नंतर माझाच फोन माझ्या हातात दिला.

"पप्पा, उभं कापलं की कडा जाते. हे कुणी कापलं?"

७ एप्रिल

मीच.

७ एप्रिल, परत

बेल्ह्याच्या बाजारात नवाबभाई हमखास भेटतात म्हणून मोटारसायकलवर दोघं गेलो. ते एका खोंडाचे दात बघत होते. मी हात जोडले. सांगितलं, चूक माझी, पोरीची नाही. त्यांनी खोंडाचं तोंड सोडलं नाही.

वृषालीनं अख्खं गाणं लावून फोन पुढे केला. घेतला नाही.

"साऱ्या दुनियेनं त्ये बघितलं. मी एकट्यानं ह्ये बघून काय करू, पोरी?"

 वृषालीनं फोन खिशात टाकला.

"मग सगळ्यांनाच दाखवते, चाचा. यात्रेत, घाटावर, बारीच्या आधी. मोठ्या पडद्यावर. आडवं."

"आन् मी न्हाई आलो तर?"

"तरी दाखवणार. गाण्यात चांदणी हाय, ती तुमी आला न्हाई म्हणून जाती व्हय?"

नवाबभाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग पुन्हा खोंडाचे दात. ना हो, ना नाही.

परत येताना मी गाडी चालवत होतो आणि मनात नुसतं फुगत होतो. त्या बाजारातल्या गर्दीत, शेणामातीत, एवढ्या मोठ्या माणसाला न घाबरता बोलली! आणि हा बाप मान खाली घालून उभा.

९ एप्रिल

गोरखशेठ स्टुडिओत. "पडदा बांधू. पण घोडी आली न्हाई तर भिमाजी, मला तोंड दाखवू नको." चहासुद्धा घेतला नाही.

१४ एप्रिल

जुन्नरहून काही निरोप नाही. वृषाली म्हणते, येतील. मला जेवण जात नाही.

१६ एप्रिल, बुधवार

यात्रा. दमलोय, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

गोरखशेठची बारी जवळ आली तरी जुन्नरचा टेम्पो नाही. पाखऱ्या कान टवकारून उभा. गोरखशेठ माझ्याकडे बघेनात. शेवटी टेम्पो आला — चांदणी आत, मागचा फाळका बंद. नवाबभाई उतरले आणि हाताची घडी घालून टेम्पोलाच टेकले.

वृषालीनं माझ्या हातात माइक दिला. "तुमीच बोला, पप्पा."

बोललो. "मंडळी, पोरीनं घोडी घेतली व्हती. मी कापली. सोताचं नाव मोठं करायच्या नादात." लोक खदाखदा हसले. हसू देत. अवसरीकर हसायचेच.

मग गाणं लागलं. दिवसाढवळ्या लख्ख दिसणारा एलईडी पडदा, आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घाट! चांदणी पुढे निघाली तशी सगळ्या घाटानं शिट्ट्या मारल्या. फेटे उडाले. कुणीतरी ओरडलं, "घोडी बघा, घोडी!" माझ्या कुठल्याही गुलाबाला असली शिट्टी कधी मिळाली नव्हती.

गाणं संपलं. नवाबभाई तसेच. हाताची घडी तशीच. 

"पुन्यांदा लावा," म्हणाले.

पुन्हा लावलं. अर्ध्यावरच त्यांनी इरफानला खूण केली. फाळका खाली आला.

बारी पहिल्या नंबरात! गोरखशेठनं मला मिठी मारली, मग आठवण झाली आणि मला सोडून वृषालीकडे गेले. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माझी पोर, गळ्यात कॅमेरा, आणि जो तो विचारतोय — "आमच्या बैलाचं कधी करती, ताई?" मी बाजूला उभा होतो. मला कुणी काही विचारत नव्हतं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

नवाबभाईंचा फोन. चांदणीचं गाणं करायचंय. एकट्या घोडीचं! आमच्या भागात असं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हटलं, उद्याच कॅमेरा घेऊन येतो.

"तुमी नगं, भाऊ. पोरीला फोन द्या."

दिला.