मामाच्या उताराला लाल रंग

९ फेब्रुवारी
कामावर पाचवा दिवस. काम सोपंय. उपग्रहाने वरून काढलेला डोंगरांचा फोटो, त्यावर बारीक चौकोन. झाडं दिसली की हिरवा, माती दिसली की पिवळा, उघडा खडक दिसला की लाल. आमचे डोंगर चुनखडीचे. माती एकदा भेगांतून खाली गेली की गेलीच, म्हणून वर्षातून दोनदा मोजायचं — ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. शाळा अशी असती तर सोडली नसती!

१४ फेब्रुवारी
आज पडद्यावर मामाचा उतार! वळणावरून लगेच ओळखला. पांढराफटक. ते त्याचे बांध — दगडावर दगड, मधे ओंजळ ओंजळ माती धरलेली. लहानपणी मीच दगड उचलून द्यायचे. पण फोटो कापणीनंतरचा. शेत मोकळं, ओंजळभर माती वरून दिसेना, बांध आणि खडक एकच.

बाईंना सांगायला उठले. त्या फोनवर होत्या. परत येऊन बसले. भिंतीवर लिहिलंयच — दिसेल तेच लावा.

लाल लावला. एकशे बारा चौकोन.

१५ फेब्रुवारी
उद्या नक्की सांगते.

३ एप्रिल
नाही सांगितलं. लाल चौकोन बघून सरकारने मामाच्या उताराला कुंपण घातलं. पाटी पण — जमीन खराब झाली आहे, दोन वर्षं आत जाऊ नये.

मामा जेवायला आला होता. "ताई, तीस वर्षं बांधतोय गं मी! कुणा आंधळ्याने रंगवलंय?"

आई म्हणाली, "आपली आहे की तिथे. विचारेल ती."

"ही? ही तर मिठाची गुळणी धरून बसते!"

सगळे हसले. मी पण हसले. शी!

२० मे
बोलले शेवटी. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्याच दिवशी बोलली असतीस तर दोन मिनिटांचं काम होतं गं." चूक वर कळवली. आता कुणीतरी येऊन जागा बघणार, मग कुंपण निघणार. कधी? — त्यांनाही माहीत नाही.

२१ मे
मामाला सांगितलं. लाल मी लावला म्हणून.

तो म्हणाला, "प्रत्येक पावसानंतर ढासळलेले दगड परत लावावे लागतात. एक जरी राहिला तरी माती वाट काढते." चपला घातल्या आणि गेला.

२ जुलै
जागा बघायला अजून कुणी नाही. रात्रभर पाऊस.

११ ऑक्टोबर
नवा फोटो आला. आजूबाजूला सगळं हिरवंगार, मामाचा उतार तेवढा पांढरा. बांध फुटलेत. मोठा करून करून बघितला, एक चौकोनभर तरी माती मिळते का.

लाल लावला. या वेळी बरोबर आहे.