दवाखान्याचं अडकलेलं लॅच

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून जरा जास्तच वाकलो आहे.) तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला आता शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा करतो. माझं म्हणशील तर मी उत्तम आहे, आणि हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांनीच तसं ठरवलं आहे.

झालं असं, की मोठ्या मनोरुग्णालयातल्या थोरल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की तुमची तब्येत आता चांगली स्थिरावली आहे, यापुढे महिन्याचं इंजेक्शन घराजवळच्या साध्या दवाखान्यातच घ्या. खरं सांगतो, आधी रागच आला. इतकी वर्षं बस बदलून बदलून इमानेइतबारे गेलो, तिथल्या बाकावर माझी ठरलेली जागा होती, आणि एकदम नारळ? पण डॉक्टर म्हणाले, ही बढती समजा. बढती म्हटल्यावर मी विरघळलो. मंगळवारी शिलाईचं दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ऐटीत सर्दी-खोकल्याच्या रांगेत जाऊन बसलो. शेजारी ब्लडप्रेशरवाल्या एक बाई होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची जरा लांब सरकवली आणि काय होतंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मनाचा आजार आहे. त्यांनी खुर्ची परत जवळ ओढली. त्यांना वाटलं होतं, मला ताप आहे. (ताई, आजवर माझा आजार ऐकून कुणी जवळ सरकल्याचं मला आठवत नाही.)

आतली डॉक्टरीण अगदी तरुण. मोठ्या हॉस्पिटलातून तिच्याकडे आलेला पहिलाच पेशंट मी, त्यामुळे बिचारीने माझं नाव दोनदा विचारलं. मोकळेपणी बोलता यावं म्हणून तिने दार ओढून घेतलं आणि तिथेच घोटाळा झाला. लॅच अडकलं. तिने हिसका दिला, मी हिसका दिला, मूठ तेवढी हातात आली. बाहेर कंपाउंडरला माझी हकीकत आधीच कळलेली. त्याने ठरवून टाकलं, की दार मी लावून घेतलंय. तो दारावर धपाधप हात मारू लागला. आत डॉक्टरीणबाई शिकवल्याप्रमाणे नेमका तेव्हाच प्रश्न विचारत होत्या, की कानात आवाज येतात का?

मी म्हटलं, "सध्या येतायत. पण ते तुम्हालाही येत असणार."

ती जी हसत सुटली, ती थांबेचना. दाराबाहेर ते हसणं रडण्यासारखं ऐकू गेलं असावं. कारण कंपाउंडर पडदा ओढलेल्या खिडकीशी आला आणि पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाला, "काका, शांत व्हा. काय हवंय तुम्हाला?"

"स्क्रूड्रायव्हर," मी म्हटलं.

मग कंपाउंडर पोलिसांना फोन करायची भाषा करू लागला. तेव्हा ब्लडप्रेशरवाल्या बाईंनी त्याला झापलं. हे लॅच मागे मी आत असतानाही अडकलं होतं, तेव्हा कुणाला बोलावलं होतंस, असं विचारलं. (त्यांचं प्रेशर त्या क्षणी किती असेल देव जाणे.) त्याच्या खणातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी स्वतः खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिला. मी स्क्रू काढले, दार उघडलं, आणि बाहेर येण्याऐवजी परत खुर्चीवर जाऊन बसलो. इंजेक्शन राहिलं होतं ना. डॉक्टरीणबाईंनी ते सफाईने दिलं. निघताना तिने "पुढच्या महिन्यात या" म्हटलं. मोठ्या हॉस्पिटलात "यावं लागेल" म्हणायचे. कंपाउंडर मान खाली घालून उभा होता. त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण मी खिशातल्या सुई-दोऱ्याने तिथल्या तिथे शिवून दिलं. आता गल्लीत मला बघून लोक हात करतात, आणि मी तो हात ऐटीत परत करतो.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. भाऊजींना तू लग्नापासून सांगत आलीस, की मी मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांसाठी जातो. आता खरं काय ते सांगून टाक. मला लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

ता. ता. क. हे पत्र चार दिवस तसंच पडून होतं, राहवलं नाही म्हणून परवा फोनवर मीच सांगितलं. भाऊजींना लग्नापासून ठाऊक आहे. तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते आपले दर वेळी माझ्या डोळ्यांची चौकशी करत आले. हे तुला सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं आहे. तेव्हा तू सांगशील तेव्हा ते दचकून दाखवतील. दचकू दे.