तपासायला बाई येणार

३ फेब्रुवारी, मंगळवार
विमा कंपनीचं पत्र. लाल सिग्नलला उभी होते तेव्हा मागून लाकडाच्या ट्रकने गाडीला ठोकलं, त्याला एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. त्यापुढेही दर आठवड्याचा चेक हवा असेल, तर माझ्याच्याने कुठलंच काम होत नाही हे त्यांना दिसलं पाहिजे म्हणे. सोमवारी एक बाई घरी येऊन बघणार. बघू दे. मी ढोंगी नाही. पाठ गेली ती गेलीच.

५ फेब्रुवारी
बहिणीचा फोन. यव्हेट म्हणते, घर आहे तसंच ठेव, सिंकमधली भांडीसुद्धा. तिचं काय जातंय. परकी बाई येणार आणि तिला मी आठवड्याची भांडी दाखवू? फक्त स्वयंपाकघर पुसणार. तेवढंच.

६ फेब्रुवारी
स्वयंपाकघर झालं. मग बाथरूमकडे बघवेना. गुडघ्यांवर बसून घासलं. टबाला धरून उठायला अर्धा तास. चार गोळ्या. उद्या पूर्ण आराम.

७ फेब्रुवारी
पडदे धुतले.

८ फेब्रुवारी, दुपार
इथे कॅनडात, आमच्या सडबरी गावात, कालपासून बर्फ पडतंय. बाई घसरली तर? पायऱ्या मोकळ्या केल्या. फावडं उचलताना डावा पाय बधिर झाला. होतो तसा. बनाना ब्रेडही भाजला. जेवले उभ्यानेच, बसलं की उठवत नाही.

९ फेब्रुवारी
बाई आली. कोलीन नाव, भली पोरगी. सकाळीच दुप्पट गोळ्या घेतल्या होत्या, म्हणून हसत दार उघडता आलं. तिने कपाटं बघितली, मला जिना चढायला लावला. हे सगळं कोण करतं, विचारलं. दुसरं कोण करणार, म्हटलं. भराभर लिहून घेतलं तिने. ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. काम फत्ते. अशी कष्टाळू बाई खोटं बोलत नसते, एवढं तिला कळलंच असणार.

१३ फेब्रुवारी
चार दिवस अंथरुणात. बादली पलंगाशीच.

१० मार्च
रिपोर्ट आला. मोठमोठे शब्द, म्हणून यव्हेटने वाचला. घर स्वच्छ. मदतीला कुणी नाही. बर्फ, जिना, स्वयंपाक सगळं स्वतः करते. काम करण्यास योग्य. एप्रिलपासून चेक बंद.
यव्हेट म्हणाली, "अगं मिरेय, तू तिला घर दाखवलंस. दुखणं दाखवलंच नाहीस."
दुखणं काय टेबलावर मांडून ठेवायचं असतं, म्हटलं. ती हसली नाही.
वकील म्हणतो, भांडता येईल, वर्ष तरी लागेल. लागू दे. तोवर मोटेलच्या लाँड्रीत जाईन. जुनंच काम, हात बसलेला आहे.

१३ एप्रिल, सोमवार
नऊला कामावर. ओल्या चादरींची पहिली टोपली उचलली आणि कमरेखाली काही राहिलंच नाही. मॅनेजर आणि ड्रायरवाली बाई, दोघांनी धरून मला त्याच्या गाडीत घातलं. सीट ओली झाली, मला कळलंसुद्धा नाही. फडकं द्या, मी पुसते, म्हटलं.
कुणी दिलं नाही.