टिकटिक करणारी खुर्ची

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. वाचताना मध्ये बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

ताई, मी गायगर काउंटर घेतला! मुठीत मावणारा डबा आहे, किरणोत्सर्गी वस्तूजवळ नेला की टिकटिक करतो. तुला वाटेल, असल्या वस्तू बड्या प्रयोगशाळेत कड्याकुलपात असतात. अगं, माझ्या घरात निघाल्या! बाबांचं ते अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं गजराचं घड्याळ आठवतं? त्याच्याजवळ डबा नेला तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. माळ्यावरचं गॅसबत्तीचं जुनं मेंटल बोलतं. शेजारच्या वेल्डरकडच्या लाल टोकाच्या कांड्या बोलतात. केळीसुद्धा बोलतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून डझनभर आणली. एकही बोललं नाही, आणि सगळी मलाच संपवावी लागली. आमच्या हिने घड्याळ अडगळीत टाकलंय आणि माझीही तिथे सोय करायच्या बेतात आहे.

तू बटणं ठेवतेस ती हिरवी काचेची वाटी मला संशयास्पद वाटते. गुरुवारी येऊन तपासतो. भाचीला आणि तिच्या छकुलीला अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, त्यातला थोडा या डब्याकडेही वळावा.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि वाचताना मध्ये भरपूर बोलले. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, तू वेल्डरच्या कांड्या हुंगत फिरतोस.

गुरुवारी येऊ नकोस. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर घेतलंय. शिलाई मशीनवरच्या मुलीही सुट्टीवर पाठवल्यात, एकटीच बसते. झोपते दुकानातच, जेवणाचा डबा दारात ठेवायला सांगितलाय. छातीतली धडधड कमी आहे, औषध लागू पडतंय, काळजी नको. छकुली बाळसं धरतेय. काल खिडकीतून पाहिली, मूठ तोंडात घालून झोपली होती.

घड्याळ उघडून बघायची अक्कल पाजळू नकोस. आतलं आत राहू दे. माझी माया तुझ्यावर आहे, तुझ्या डब्याचं नंतर बघू.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुला एरवी असं लिहिलं नसतं, पण दुसरं सांगायचं कोणाला?

आईने छकुलीला घेणं बंद केलंय. आधी रात्रंदिवस खांद्यावर घेऊन फिरायची, मला हात लावू द्यायची नाही. एक दिवस सकाळी कुठेतरी जाऊन आली, बॅग भरली आणि दुकानात राहायला गेली. मी छकुलीला घेऊन तिथे गेले तर हात पुढे करून तिने मला पायरीवरच थांबवलं. मोठ्या आवाजात घरी जा म्हणाली. गणवेशांचं म्हणशील तर टेबलावर कापडाचा तुकडाही नव्हता.

नवऱ्याचं घर सोडून मी बाळंतपणाला आले आणि परत जाणार नाही म्हटलं, तेव्हा ती हो म्हणाली होती. आता तिला आमचं ओझं वाटत असेल तर तिने तोंडाने सांगावं. मी मैत्रिणीच्या गावात एक खोली पाहिली आहे. रविवारी छकुलीला घेऊन निघते. तू रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
भाची

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल न सांगता आलो, याबद्दल तू मला बोललीसच आहेस, तेव्हा तो विषय संपला. आलो होतो पोरीबद्दल बोलायला. पण डबा खिशात होता, तो मी जरा चालू केला, आणि पुढचं सगळं बाजूलाच राहिलं.

ताई, तुझी खुर्ची! हिरवी वाटी बोलली, पण किती, कुजबुजल्यासारखी. खुर्चीत तू बसली होतीस, मी दारातच होतो, तरी डबा नुसता तडतडत सुटला. इतकी वर्षं तू एवढ्या मोठ्या ऐवजावर बसून शिवत होतीस! तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा आवाज उतरला, परत आलीस तेव्हा पुन्हा चढला. डब्यालाही तुझा धाक वाटतो, असं दिसतं.

तू हाकलून दिलंस तरी जाता जाता मी खुर्चीवरची उशी पळवली, त्याबद्दल माफी. घरी आल्यावर उशी ढिम्म. काही केल्या बोलत नाही. तेव्हा ऐवज लाकडातच असणार. खुर्ची मला देऊन टाक, बदल्यात नवी घेऊन देतो.

आणि पोरगी रविवारी घर सोडून चालली आहे. तिला वाटतं, ती आणि छकुली तुला नकोशी झालीत. खुर्चीच्या आधी तेवढं बघ. तुझा लोभ असल्यावर मला बाकी काय हवं? खुर्ची.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, खुर्ची नव्हे. मी.

माझ्या गळ्यातली ग्रंथी बिघडली होती, धडधड त्याचीच. गोळ्यांनी भागेना, म्हणून दवाखान्यात किरणोत्सर्गी औषधाची एक कॅप्सूल दिली. ती त्या ग्रंथीत बसून काम करते, आणि तोवर माझ्या अंगातून ते किरण बाहेर येत राहतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, काही आठवडे तान्ह्या बाळाला जवळ घ्यायचं नाही. बाकीच्यांना भीती नाही, थोडं अंतर ठेवलं की झालं. म्हणून मुलींना सुट्टी दिली आणि गणवेशांची थाप मारली.

पोरीला सांगितलं असतं तर ती घाबरून छकुलीला घेऊन त्या माणसाच्या घरी परत गेली असती. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली परवडली, असं वाटलं. ती खोली बघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पायरीवरून तिला परत पाठवलं त्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून रडले.

तूच सांग तिला. मला बोलणं सुधरणार नाही. रविवारच्या आत सांग, आणि तो डबा इकडे पाठवून दे. आता माझी सगळी भिस्त तुझ्यावर.

तुझी,
ताई

२७ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मार्चातल्या त्या शनिवारी तू धापा टाकत दारात आलास तेव्हा मी बॅगेची चेन लावत होते. तू आधी उशीचं सांगितलंस, मग खुर्चीचं, आणि आईचं सगळ्यात शेवटी. तुझी ही पद्धत बदल. पण तू आलास म्हणून मी इथे आहे.

डॉक्टरीणबाईंनी आईला केव्हाच मोकळं केलं, ती घरी परतही आली. पण तिला पटेना. रोज तुझा डबा गळ्याला लावून बसायची आणि म्हणायची, अजून टिकटिकतोय, हा गप्प झाल्याशिवाय मी पोरीला हात लावणार नाही. मी समजावलं, भांडले, डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. ती ऐकेल तर ना.

आज मी डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि छकुलीच्या पाळण्यात धरला. टिक. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मग अंगणात नेला, टिक. भिंतीशी, पिठाच्या डब्याशी, रस्त्यावर उभ्या पोस्टमनच्या सायकलशी, सगळीकडे टिक, टिक. आई अनवाणी माझ्यामागे फिरत होती. आईच्या गळ्याशी आवाज जरासा जास्त, एवढाच फरक. मामा, थोडे किरण म्हणे सगळीकडेच असतात, तुझी उशी ‘बोलत नव्हती’ तेव्हाही हा टिकटिकतच असणार; हा डबा कधीच गप्प होत नाही! हे तू आम्हाला सांगायला नको का?

मी छकुलीला तिच्या हातात ठेवलं. आई आधी ताठ उभी राहिली, मग पायरीवर बसली. तिने छकुलीची टाळू हुंगली, कान पाहिले, पायाची बोटं एकेक करून पाहिली, आणि तिला खांद्यावर घेऊन जी रडली ती थांबेना.

हे लिहितेय तेव्हा संध्याकाळ झालीय. छकुली केव्हाची झोपलीय, आईचा हात पार अवघडलाय, आणि मी कितीदा मागितली तरी ती मला माझी मुलगी देत नाही.

असाच ये, आणि आमच्यावर जीव लाव.

तुझी,
भाची