साडेचार माणसं

काउलून
सातवी इमारत, खोली ४१८
३ मार्च १९९५

ती. हेंगदादास,

साष्टांग नमस्कार आणि पुढचं जे काय असतं ते सगळं लिहिलं असं समज. मला धीर नाही. आपली इमारत पाडणार आहेत!

खालच्या फाटकावर नोटीस चिकटवली. मी तीनदा वाचली. वाटलं, माझंच वाचायचं चुकतंय, मी काय शाळेत गेलेली थोडीच आहे! मग शेजारच्या फुंगकाकूंनी वाचली आणि त्या तिथेच भाजीची पिशवी टाकून खाली बसल्या, तेव्हा पटलं. वर्षअखेरीपर्यंत सगळ्यांना डोंगरापलीकडच्या उंच इमारतीत नेणार. लिफ्ट आहे म्हणतात. काकू म्हणाल्या, लिफ्ट बंद पडली की म्हातारीला एकवीस मजले पाठीवर घेऊन चढशील का? मी म्हटलं, तुम्हाला नाही घेणार एवढं नक्की.

आईला सांगितलं तर तिला वाटलं पुन्हा आग लागली. तिचं हल्ली असं चाललंय. सकाळी नीट असते, पेज खाते, मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर ओरडते, आणि मधेच उठून कुठल्यातरी जुन्या दिवसात जाऊन बसते. बाबांना वाढ म्हणते. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली हे मी रोज नव्याने सांगायचं आणि तिने रोज नव्याने रडायचं, म्हणून आता मी सरळ वाढते.

दुसरं म्हणजे घरखात्याकडून यिप नावाची एक मुलगी येते. खातं स्वतःचा इतिहास लिहितंय, जुन्या भाडेकरूंकडून आठवणी गोळा करतंय. मला म्हणाली, मावशी, तुम्हाला खोली कशी मिळाली ते सांगा. सांगितलं सगळं. डोंगरावरच्या पत्र्याच्या झोपड्या, ती आग, मग फुटपाथवर झालेली आमची मोजणी. पाच अख्ख्या माणसांना एक खोली, आणि दहा वर्षांच्या आतलं मूल म्हणजे अर्धं माणूस. आजी, बाबा, आई, तू आणि आठ वर्षांची मी. साडेचार माणसं! साडेचारांना अख्खी खोली नाही, आत दुसरं बिऱ्हाड घालणार, मधे पडदा. रांगेत सगळेच आपापली पोरं वयाने मोठी करत होते. आईने मला आजीचा कोट घातला, टाचा वर करून उभी राहा म्हणाली, आणि बाबांनी कारकुनाला दहा सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि दहा लिहिलं. म्हणजे ही खोली माझ्यामुळे आहे, लिही म्हटलं. ती पोरगी हसून हसून लाल झाली.

मग विचारते, गच्चीवर शाळा होती ना, तुम्ही का नाही गेलात? मी म्हटलं, गेले होते परीक्षेला. नापास झाले. डोकंच नव्हतं. तेही लिही, मला कसली आलीय लाज. वर पोरं पाठ म्हणायची आणि खाली मी प्लास्टिकच्या फुलांना पाकळ्या लावायची. त्यांचे अर्धे धडे मला अजून येतात.

तुझा खोकला कसा आहे? बायकोला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर नव्या घरात ठेवू, इथे जागा नाही.

तुझी,
लाय-सिम


व्हँकुव्हर
१६ मार्च १९९५

चि. लाय-सिम हिला थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. इमारतीचे वाचून धक्काच बसला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, पण घर म्हटले की अजून तीच खोली डोळ्यांपुढे येते. असो. लिफ्टमध्ये जपून जा. तुझ्या रागाला दोन माणसांची जागा लागते, वजन जास्त होईल.

आईची औषधे चुकवू नकोस. ऑक्टोबरात सामान हलवायला मी स्वतः येतो आहे. तोवर जड काही उचलू नकोस.

एक सांगतो ते ऐक. त्या यिपबाईंना फार काही सांगत बसू नकोस. वय खोटे सांगितल्याचे आता कुणी काही करणार नाही, पण नवे घर मिळायच्या वेळी कशाला विषय काढायचा? आणि शाळेचे तर मुळीच नको. लहानपणच्या गोष्टी पुस्तकात छापून काय मिळणार? त्यांना जुन्या फायली उकरायला लावू नकोस. झाले ते झाले.

इकडे बर्फ वितळला. खोकला बरा आहे. आईला माझा नमस्कार सांग. तुझा लोभ आहेच, तो असाच ठेव.

तुझा,
ग्वोक-हेंग


काउलून
२९ मार्च १९९५

दादा,

आज नमस्कार नाही.

फायली मी उकरायला लावल्या नाहीत. इमारत पाडायची म्हणून तळमजल्यावरची कचेरी रिकामी करतायत, तिथे यिपला गच्चीवरच्या शाळेचा एक गठ्ठा मिळाला. शाळेची पत्रं कचेरीतूनच वाटायचे, त्यांच्या प्रती. धावत चार मजले चढून आली. मला वाटलं कोणी मेलं. दारातूनच ओरडली, मावशी, पहिल्या! तुम्ही पहिल्या आला होतात! बक्षीस घेऊन आल्यासारखा चेहरा केला होता तिने.

मी तिला म्हटलं, दुसरी कोणी लाय-सिम असेल. तिने कागद पुढे धरला. आपलाच खोली क्रमांक. बाबांचं नाव. मी वाचायला लागले. हळूहळू वाचते मी, पण वाचते. धोबीखान्यातल्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत शिकलेय, लिहायलाही.

लिहिलंय काय, तर तुमची मुलगी चाचणीत तेहेतीस मुलांमध्ये पहिली आली. नोंदीप्रमाणे तिचं वय दहा आहे, आणि पहिलीत नऊच्या वरचं मूल घेता येत नाही. मुलगी दहाची वाटत नाही. मोजणीच्या वेळी वय चुकून जास्त लागलं असेल तर कचेरीत दुरुस्त करून आणावं. जागा महिनाभर राखून ठेवू.

खाली भरून परत आलेली उत्तराची पट्टी. वय दहा हेच बरोबर आहे, जागा नको. सही बाबांची.

बाबा अंगठा लावायचे, दादा! जन्मभर अंगठा लावायचे!

मी ट्रंकेतून तुझी पत्रं काढली. पंचवीस वर्षांची आहेत. शेजारी ठेवली. शेवटची रेघ लांब ओढून खाली वळवायची खोड तुझी चौदाव्या वर्षीही होती आणि आताही आहे. मी जिन्यात जाऊन बसले. यिप पाणी घेऊन आली, ती बिचारी रडायलाच लागली. मावशी, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल, म्हणते.

मला तो दिवस आठवतो. तू दारात उभा राहून पत्र वाचलंस. घरात वाचता तुलाच येत होतं, सगळ्यांची पत्रं तूच वाचायचास. तू वाचलंस की मुलगी नापास, घेता येत नाही. आई म्हणाली, असू दे, हिचे हात चांगले आहेत. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचं पोतं माझ्यापुढे आलं.

मी ढ आहे हे मला अडतीस वर्षं माहीत आहे. मुकादम होतेस का, तीनदा विचारलं मला धोबीखान्यात. तीनदा नाही म्हटलं, त्यात लिहायचं काम असतं, ते आपल्या डोक्याचं नाही म्हणून. एकाने लग्नाचं विचारलं होतं, शिकलेला होता, तुला माहीत आहे कोण ते. त्यालाही मीच नाही म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल हा बिनडोक बाईला.

मला एकच सांग. बाबांनी तुला तसं वाचायला सांगितलं होतं का? आईला माहीत होतं का? गोल गोल लिहू नकोस. आई रोज म्हणते की हेंगचं पत्र वाचून दाखव, आणि मी दाखवते. या वेळी काय वाचू तेही सांग.

लाय-सिम


व्हँकुव्हर
१२ एप्रिल १९९५

लाय-सिम,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू विचारलेस ते सांगतो.

बाबांनी सांगितले नव्हते. आईला माहीत नव्हते. माझ्या एकट्याचे काम आहे ते.

पत्र कचेरीत माझ्या हाती दिले. मी जिना चढता चढता वाचले. पहिली आली हे वाचून मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो, इतका आनंद झाला होता. मग पुढचे वाचले. कागदावर तू आठ वर्षांची झालीस की आपण साडेचार होणार. ते डुकरे कापणारे दोघे भाऊ तुला आठवतात? ज्यांना खोली मिळाली नव्हती ते? बाहेर गॅलरीत बोचकी घेऊन बसलेले असायचे, कोणाच्या खोलीत माणूस कमी होतो का याची वाट बघत. मी त्यांच्यासमोरूनच वर आलो. धाकट्याने मला विचारले, काय रे, कसले पत्र? मी म्हटले, काही नाही.

दारालगत माझी फळी होती. तिच्यावर बसून मी अभ्यास करायचो. मला नुकताच मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला होता. पडदा आला की सगळ्यात आधी ती फळी जाणार होती. तिसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत चढताना मी ठरवले. पट्टीही मीच भरून दिली.

मी रोज म्हणायचो की उद्या सांगेन. महिना संपला. मग सांगण्यात अर्थ उरला नाही, असे मी म्हणू लागलो. तू पाकळ्या लावायचीस आणि मी तुझ्याकडे पाठ करून पुस्तक वाचायचो.

पण लाय-सिम, एक विचार कर. मी खरे वाचले असते, तरी काय झाले असते? आगीत चूलसुद्धा उरली नव्हती. आजीला दमा. मोठ्या मुश्किलीने चार भिंती मिळालेल्या. एका मुलीच्या पहिलीच्या वर्गासाठी त्या काळी कोणी अर्धी खोली सोडली असती का? बाबांनी मलाच सांगितले असते की लिही, जागा नको. तू नापास झालीस हे दुःख तरी तुला नसते, ते मात्र मी दिले. पण शाळा तुला तरीही मिळाली नसती. हे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो आहे, आणि मला ते खरे वाटते.

आईला यातले काही सांगू नकोस. या वयात तिला कशाला?

तुला वाटले तरच उत्तर लिही.

ग्वोक-हेंग


काउलून
२५ एप्रिल १९९५

ती. दादास,

नमस्कार. लिहिते आहे, कारण आई समोर बसलीय आणि नमस्कार लिहिलास का म्हणून विचारतेय.

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला वाटायला लागलं, दादाचं बरोबर आहे. कोण सोडतंय खोली? फुंगकाकूंनी त्या वेळी मेलेल्या सासऱ्यालासुद्धा जिवंत सांगितलं होतं. मी मनाशी म्हटलं, चला, शाळा मिळणारच नव्हती, मग दादाशी भांडून काय करायचं.

आईला सांगायचं माझ्या मनात नव्हतं. रविवारी सकाळी मी तो शाळेचा कागद घडी करून ठेवत होते. तिने पाहिलं. कुठून आलं म्हणून विचारलं. मी बोलून गेले, गच्चीवरच्या शाळेतून. ती ताठ बसली. वाच म्हणाली.

मी वाचलं, दादा. दोन अक्षरांशी अडखळले, पण एकही गाळलं नाही. पहिली हे तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग वयाचं वाचलं, दुरुस्त करून आणायचं वाचलं, महिन्याची मुदत वाचली. मला खरं सांगायचं तर, तिने नको म्हणावं अशीच माझी इच्छा होती. खोली महत्त्वाची, असं ती म्हणाली असती की तुझं खरं ठरलं असतं, आणि मी त्याच सकाळी तुला माफ करून कपडे धुवायला बसले असते.

तिने विचारलं, साडेचार झालो की आत कोण येणार? मी म्हटलं, ते डुकरं कापणारे भाऊ. तिने विचारलं, दारू पितात का? मी म्हटलं, माहीत नाही. थोडा विचार करून म्हणाली, पिऊ देत, पडदा जाड लावू.

आणि उठली. शहात्तर वर्षांची बाई, एरवी चमचा उचलायला मला हाक मारते. स्वतःचं अंथरूण ओढत भिंतीकडे नेलं. हाताच्या वितीने जमीन मोजली, अर्ध्यावर आली तिथे स्टूल ठेवलं. मला म्हणाली, सासूबाई, तुम्ही भिंतीकडे झोपा, तुम्हाला वारा बाधतो. मी तिला आजी वाटत होते. म्हणाली, यांना खाली पाठवा, कचेरी बंद होईल, पोर आठच वर्षांची आहे म्हणून लिहून द्यायला सांगा. मी उभीच. मला ओरडली, उभ्या काय राहिलात, महिनाभरच ठेवतायत जागा!

मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, हेंगला आत्ताच काही सांगू नका. त्याची फळी जाईल, वाईट वाटेल पोराला. त्याला मी समजावीन. ऐकेल तो, बहिणीवर जीव आहे त्याचा.

दादा, स्टूल अजून तिथेच आहे. ती मला उचलू देत नाही. आम्ही दोघी अर्ध्या खोलीत झोपतो, आणि पलीकडची अर्धी रिकामी पडलीय. ऑक्टोबरात येशील तेव्हा तिथे झोप.

आईने विचारलंय म्हणून नमस्कार पुन्हा एकदा लिहिते. माझ्या लोभाचं काय झालं ते मलाच अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

तुझी बहीण,
लाय-सिम